एका प्राइजचं कार्ड

२०२४च्या दिवाळीत कराडला घरी गेलो होतो. रात्रीची जेवणं झाल्यावर मी पलंगावर आडवा पडून फोनवर पोकेमॉन टीसीजी लाइव्ह खेळत होतो. ताई शेजारी बसून करंज्या डब्यात भरत होती, मधूनमधून स्क्रीनकडे बघत होती. एकदम म्हणाली, "ह्याला पुढे का आणलंस? मरेल ना तो."

"मरू दे. त्याचं एकच प्राइज जातं."

"म्हणजे?"

"म्हणजे स्वस्तातला आहे."

ताई "बरं" म्हणाली, डब्याला झाकण लावलं आणि आत गेली. ती टोमणा वगैरे मारत नव्हती. तो गेम मी जिंकलोसुद्धा. पण 'स्वस्तातला' हा शब्द डोक्यातून जाईना. तो का जाईना, हे सांगायचं तर आधी खेळ थोडा समजवावा लागेल.

पोकेमॉनच्या पत्त्यांचा डेक बरोबर ६० कार्डांचा असतो. खेळ सुरू होताना दोघेही आपापल्या डेकमधली ६ कार्डं पालथी घालून बाजूला ठेवतात. ही प्राइज कार्डं. समोरच्याचा एक पोकेमॉन नॉकआउट केला की आपण आपलं एक प्राइज उचलायचं. सहाही आधी उचलेल तो सहसा जिंकला. यात एक मेख आहे. साधा पोकेमॉन मेला तर समोरच्याला एक प्राइज मिळतं, पण 'ईएक्स' प्रकारचा ताकदवान पोकेमॉन मेला तर दोन मिळतात. म्हणजे प्रत्येक कार्डाच्या मरणाची किंमत ठरलेली असते.

तेव्हा माझा डेक चारिझार्ड ईएक्सचा होता. ३३० एचपी, १८० डॅमेज, आणि समोरच्यानं उचललेल्या प्रत्येक प्राइजमागे वर ३० डॅमेज आणखी. सगळा डेक त्याच्याभोवती बांधलेला. पण एकाच अटॅकरवर स्पर्धेत भागत नाही. समोर मिमिक्यू येऊ शकतो. त्याचा एचपी फक्त ७०, पण ईएक्स आणि व्ही पोकेमॉनच्या हल्ल्याचा त्याला काडीचाही डॅमेज होत नाही. माझा ३३०चा राजा त्या सत्तरवाल्यासमोर हात चोळत बसणार. म्हणून बॅकअप अटॅकर लागतो.

बॅकअप निवडण्याचे काही निकष असतात. मुख्य अटॅकरला जे जमत नाही ते त्याला जमलं पाहिजे. त्यानं मुख्य अटॅकरचीच एनर्जी वापरली पाहिजे, त्याच्यासाठी वेगळी सोय करायला डेकमध्ये जागा नसते. त्यानं जागाही कमी घ्यावी, शक्यतो एकच कार्ड. आणि तो एका प्राइजचा असावा. शेवटच्या निकषामागचं गणित सोपं आहे. माझे तिन्ही ईएक्स मेले तर दोन-दोन-दोन, तीन घावांत सहा प्राइज संपली. मध्ये एक प्राइजवाला पुढे केला तर दोन, एक, दोन मिळून पाचच होतात आणि समोरच्याला चौथा घाव घालावा लागतो. तेवढ्यात मला एक टर्न जास्त मिळतो. समोरचा हुशार असेल तर बॉसेस ऑर्डर्स वापरून माझ्या बेंचवरचा ईएक्सच ओढून पुढे आणतो, पण ते कार्ड त्या वेळी त्याच्या हातात असायला हवं.

माझा बॅकअप होता रेडियंट चारिझार्ड. साधा, एका प्राइजचा, १६० एचपी. त्याचा २५० डॅमेजचा हल्ला सुरुवातीला पाच एनर्जी मागतो, पण समोरच्यानं उचललेल्या प्रत्येक प्राइजमागे एक एनर्जी कमी लागते. चार प्राइज गेली की एका एनर्जीत काम होतं. म्हणजे आपण जितके हरत जाऊ तितका तो उपयोगी. डेकमध्ये तो एकच ठेवता येतो, त्यामुळे सुरुवातीलाच प्राइज कार्डांत अडकून बसण्याची शक्यता साठात सहा, म्हणजे १० टक्के. दर दहा गेम्समध्ये साधारण एकदा, नेमका लागेल तेव्हा तो नसणार, हे धरूनच चालायचं.

आता ताईबद्दल. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला बीएड करायचं होतं. ज्या वर्षी तिचं बीकॉम झालं त्याच वर्षी माझी दहावी झाली आणि घरात होते-नव्हते ते पैसे माझ्या क्लासला गेले. ती एका पतसंस्थेत लागली. माझ्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी बाबांची बायपास झाली. कॅम्पस इंटरव्ह्यू तोंडावर होते. आई फोनवर म्हणाली, "तू येऊ नकोस, तुझं महत्त्वाचं आहे. ताई आहे ना." ताईनं दोन महिने बिनपगारी रजा घेतली. ती परत गेली तेव्हा पतसंस्थेनं तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती. मला नोकरी लागली. त्याच पगारातून बाबांची औषधं येतात, घराचा हप्ता जातो.

आमच्या घरानं डेक नीट बांधला होता, असं कुणीही म्हणेल. मी स्वतः कितीतरी वर्षं तसंच मानत होतो. आणि त्या मानण्यातलं सगळंच खोटं नाही. खेळात एका टर्नला हातातून एकच एनर्जी लावता येते. न्याय म्हणून बेंचवरच्या प्रत्येकाला एकेक वाटत बसलं तर कुणाचाच हल्ला होत नाही. मध्यमवर्गीय घराचंही बरंचसं असंच असतं. पैसे एका वेळी एकाच्याच फीला पुरतात. कुणाला तरी आधी निवडावं लागतं, आणि निवडलं म्हणजे लगेच अन्याय झाला, असं मला वाटत नाही.

मग खुपतं काय?

मला वाटतं, पहिली गोष्ट आकड्याची. रेडियंट चारिझार्ड एका प्राइजचा आहे हे मी ठरवलेलं नाही, तो खेळाचा नियम आहे. ताईची नोकरी गेली तर घराचं 'एकच प्राइज' जातं आणि माझा इंटरव्ह्यू हुकला तर 'दोन' जातात, हा हिशोब मात्र आम्ही केला. आधी माझ्यावर जास्त खर्च केला, म्हणून मी महाग झालो. मग मी महाग आहे म्हणून तिनं पुढे व्हायचं ठरलं. पहिला निर्णय दुसऱ्याचं कारण झाला, आणि दोन्ही जणू निसर्गाचे नियम असल्यासारखे वाटू लागले. ती मुलगी होती, हेही त्या पहिल्या निर्णयात कुठेतरी होतंच. कुणी ते बोललं नाही, एवढंच.

यावर म्हणता येईल की ताई स्वतः तयार होती. होतीच. पण तिला कुणी विचारलं नव्हतं. 'ताई आहे ना' यात प्रश्नचिन्ह कुठे आहे? कांटनं १७८५ साली मांडलेल्या नीतितत्त्वात माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये असं म्हटलं आहे, आणि त्यातला 'केवळ' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण एकमेकांच्या उपयोगी पडतोच, त्यात वाईट काही नाही. फरक पडतो तो समोरच्याला नाही म्हणायची जागा ठेवली होती का, यानं. कार्डाला ती जागा नसते आणि लागतही नाही, कारण कार्डाला स्वतःचा दुसरा कुठला गेम खेळायचा नसतो. ताईला होता.

हा हिशोब आपल्याकडे जुनाच आहे. महाभारतात कर्णाकडे इंद्रानं दिलेली शक्ती असते. ती एकदाच वापरता येणार, आणि ती त्यानं अर्जुनासाठी राखून ठेवलेली. चौदाव्या दिवशीच्या रात्रीच्या युद्धात कृष्ण घटोत्कचाला कर्णावर पाठवतो. घटोत्कच इतका संहार करतो की कर्णाला ती शक्ती त्याच्यावर टाकावी लागते. घटोत्कच मरतो, पांडव शोकात बुडतात आणि कृष्ण आनंदानं अर्जुनाला मिठी मारतो. ही आनंदाची वेळ आहे का, असं अर्जुन विचारतो, तेव्हा कृष्ण गणित समजावतो: शक्ती गेली, आता तू वाचलास. गणित अचूक आहे. एक प्राइज देऊन खेळ वाचवला.

पण त्याच पर्वात युधिष्ठिरही आहे. तो ह्या मरणानं कोसळतो आणि घटोत्कचानं वनवासात काय काय केलं ते आठवत बसतो. थकलेल्या द्रौपदीला त्यानं पाठीवरून नेलं होतं, तेही. युद्धाचा हिशोब त्यानं बदलत नाही. तरी मला ती जागा मोलाची वाटते, कारण त्या रात्री घटोत्कचाकडे त्याच्या उपयोगापलीकडे बघणारा कुणीतरी तिथे आहे. कृष्णाचं गणित बरोबर होतं, म्हणून युधिष्ठिराचं रडणं चूक ठरत नाही. निर्णय बरोबर असला तरी देणं उरतंच. उलट, निर्णय बरोबर होता म्हणूनच आपण ते देणं सहज विसरतो. चुकलेल्या निर्णयाची निदान लाज वाटते. फायद्याच्या निर्णयावर आपण नोकरी, हप्ता, संसार असं सगळं उभं करतो आणि पायाखाली कोण आहे ते बघत नाही.

स्वतःची बाजू घ्यायची तर म्हणेन, मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, घरानं जे ठरवलं ते केलं. पण त्यानंतरची वर्षं माझी होती. त्या सगळ्या वर्षांत मी ताईला एकदाही विचारलं नव्हतं की तुझं काय राहिलं. बेंचवरचं कार्ड गरज पडेल तेव्हा दिसतं, एरवी दिसत नाही. तसं झालं होतं.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी पाकीट काढलं, मग खिशात परत ठेवलं आणि विचारलं, "ताई, बीएड करायचंय का अजून? फी मी भरतो."

ती हसली. "आता? दोन वर्षं कॉलेजला जाऊ? पोरगी पहिलीत आहे माझी." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि तू ठरवून टाकलंस होय, की मला बीएडच हवंय?"

मी गप्प. तिला काय हवंय हे पुन्हा मीच ठरवून मोकळा झालो होतो.

"मग काय हवंय?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली. "घाई करू नकोस."

एप्रिल २०२५मध्ये रेडियंट चारिझार्ड स्टँडर्ड फॉरमॅटमधून बाद झाला आणि मी डेकमध्ये दुसरा बॅकअप घातला. तोही एका प्राइजचा. अजूनही वेळ आली की मी त्याला बिनदिक्कत पुढे करतो. ताईनं मात्र अजून काही सांगितलेलं नाही. मीही पुन्हा विचारलेलं नाही, फक्त दर महिन्याला त्यासाठी थोडे पैसे वेगळे ठेवतो. तिचा विचार कधी पूर्ण होईल, ते तिनं ठरवायचं आहे.