एकाभोवती चौघे

गुणी मूल घरात निपजले की घराची रचनाच पालटू लागते. त्याच्या अभ्यासासाठी दिवा, त्याच्या रियाजासाठी पहाट, त्याच्या खेळासाठी पैसा; बाकीच्या भावंडांनी समजून घ्यावयाचे. ही समजूत त्यांच्याजवळ कोणी मागत नाही; ती गृहीत धरली जाते. एकाच्या गुणाभोवती इतरांची आयुष्ये बेतणे न्याय्य आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटींवर, हा प्रश्न म्हणूनच केवळ क्रीडांगणाचा नाही.

बास्केटबॉलच्या खेळात मात्र तो फार स्वच्छ दिसतो. मैदानावर एका बाजूचे पाचच गडी असतात. त्यांतला एक असामान्य निघाला की उरलेले चौघे कोण असावेत हे त्याच्याकडे पाहून ठरते. अमेरिकेत २००३ साली क्लीव्हलंडच्या संघाने लेब्रॉन जेम्स या अठरा वर्षांच्या मुलाची निवड केली आणि त्याच्याभोवती संघ उभारला. २००७ साली तो संघ अंतिम फेरीत पोहोचला व चारही सामने हरला. २०१० साली कराराची मुदत संपताच जेम्स मायामीला गेला, आणि शहर संतापले. त्याने करार मोडला नव्हता. शहराने स्वतःची आशा त्याच्या नावे कर्ज म्हणून मांडून ठेवली होती, एवढेच. पुढे २०१४ साली तो आपण होऊन परतला आणि २०१६ साली त्या संघाला त्याने विजेतेपद मिळवून दिले.

सॅन अँटोनियोची गोष्ट निराळी. तेथे १९९७ साली टिम डंकन हा तरुण आला, तेव्हा डेव्हिड रॉबिन्सन हा संघाचा नामांकित नायक होता. या ज्येष्ठाने तरुणासाठी मधली जागा मोकळी केली. १९९९ आणि २००३ साली दोघांनी मिळून विजेतेपद मिळविले व मग रॉबिन्सन निवृत्त झाला. त्याने गौणत्व पत्करले. ते त्याच्यावर लादले गेले असे दिसत नाही.

आम्हां बडोदेकरांना यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. विजय हजारे १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी सामन्यात ‘रेस्ट’ संघाकडून खेळले. दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या त्यांच्या! बंधू विवेक यांच्यासह त्यांनी तीनशे धावांची भागी केली. तीत विवेक यांच्या धावा अवघ्या एकवीस. तरीही संघ डावाने हरला. पुढे १९४७ साली बडोद्यातच होळकर संघाविरुद्ध रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. हजारे यांनी २८८ धावा काढल्या आणि गुल महंमद यांनी ३१९. त्यांची भागी ५७७ धावांची झाली व बडोदे जिंकले. पहिल्या प्रसंगी जोडीदाराने टेकू दिला; दुसऱ्या प्रसंगी तो नायकाच्याही पुढे गेला. ज्या रचनेत सोबत्याला पुढे जाण्याची मोकळीक नाही, ती रचना नायकालाही एकटे पाडते.

आपल्या मीमांसकांनी प्रधान आणि अंग यांचा फार सूक्ष्म विचार केला आहे. जे दुसऱ्यासाठी असते ते अंग, ते शेष. परंतु फळ पुरुषासाठी असले तरी पुरुषही कर्मासाठी आहे, असे जैमिनी सांगतो. म्हणजे यज्ञाचा यजमानसुद्धा एका परीने शेषच. शिवाय फळ यजमानाचे असले तरी ऋत्विजांची दक्षिणा चुकत नाही. ती दिल्याविना कर्म सांग होत नाही. यातून दोन अटी निघतात. रचना व्यक्तीभोवती नसावी, कार्याभोवती असावी; आणि जे अंग होतात त्यांना त्यांचा वाटा मिळावा, मग तो धनाचा असो, शिक्षणाचा असो की मानाचा.

तिसरी अट कायद्याची आहे. १८७२ च्या करार कायद्यान्वये अज्ञान व्यक्ती करारास पात्र नाही. तिने केलेला करार मुळातच शून्य होय, असे प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबीच्या खटल्यात १९०३ साली ठरविले. यामागे मोठे शहाणपण आहे. जाणते होण्यापूर्वी कोणाचेही भविष्य गहाण पडू नये. आईबापांनी, शिक्षकांनी, संघचालकांनी केलेला त्याग थोर खरा. पण त्या त्यागाची वसुली मुलाकडून करता येत नाही. तसे करू गेल्यास तो त्याग राहत नाही, सावकारी होते.

फतेगंजातल्या एखाद्या मैदानावर उद्या असा उंचापुरा, चपळ मुलगा निघाला, तर त्याला चार चांगले सोबती अवश्य द्यावेत. मात्र त्या चौघांच्याही घरी जाऊन त्यांना काय व्हावयाचे आहे हे आधी विचारावे. आणि त्या मुलाने एके दिवशी चेंडू खाली ठेवून दुसरी वाट धरली, तर त्याला आशीर्वाद देऊन निरोप देण्याइतके बळ आपल्यापाशी असावे. ते नसेल, तर आपण त्याच्यासाठी संघ बांधत नसून आपल्या हौसेसाठी त्यालाच बांधून ठेवीत आहोत.