शहाणपण आणि आनंद : शलमोनाच्या नावावरच्या दोन पुस्तकांचा वाद

पवित्र शास्त्राच्या जुन्या करारात ‘नीतिसूत्रे’ आणि ‘उपदेशक’ ही पुस्तके एकामागोमाग येतात. परंपरेने दोन्ही शलमोन राजाच्या नावावर आहेत आणि दोन्हींचा विषय रोजचे जगणे हाच आहे. तरीही एका प्रश्नावर ती एकमेकांना छेद देतात. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात ज्याला ज्ञान सापडले तो धन्य ठरतो आणि त्याच्या वाटा सुखाच्या होतात. उपदेशकाचा पहिलाच अध्याय मात्र ज्ञान वाढले की दुःखही वाढते, या निष्कर्षावर संपतो. शहाणे व्हावे की आनंदी राहावे, हा पेच त्यामुळे शास्त्रावर बाहेरून लादलेला नाही, तो शास्त्रातच आहे. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेतली पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची रीत त्याला चांगली लागू पडते. येथे पूर्वपक्ष नीतिसूत्रांची बाजू घेतो, उत्तरपक्ष उपदेशकाची.

पूर्वपक्ष म्हणतो की आनंदाचे मूळ शहाणपणातच आहे. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय चाळले तर त्यांत तत्त्वज्ञान कमी आणि संसार जास्त सापडतो : परक्याला जामीन राहण्यातला धोका, खोटी मापे, सकाळी न उठणारा आळशी, कटकटीचे घर, पोरांना लावायचे वळण. प्रेमाच्या घरातली साधी भाजी ही द्वेषाच्या घरातल्या बैलाच्या मेजवानीपेक्षा बरी, असा हिशेब पंधराव्या अध्यायात मांडला आहे. बहुतेक माणसे दुःखी होतात ती अशा साध्या गोष्टींत चुकल्यामुळे. त्या सावरल्या की आनंद आपोआप येतो. शिवाय आठव्या अध्यायात ज्ञान हे स्त्रीरूपात बोलते. सृष्टी घडत असताना ती देवासमोर बागडत होती आणि माणसांत रमत होती. ज्ञानाचा स्वभावच जर आनंदी असेल, तर ज्ञानी माणूस दुःखी का असावा?

उत्तरपक्ष सरळ हिशेबावर बोट ठेवतो. कष्ट करणाऱ्याला भाकरी आणि आळशाला उपास, असे खरोखर दर वेळी घडते का? उपदेशकाच्या नवव्या अध्यायात शर्यत चपळच जिंकतो असे नाही आणि शहाण्यालाच अन्न मिळते असेही नाही. वेळ आणि योग यांपुढे कोणाचे चालत नाही. दुसऱ्या अध्यायात तर एका राजाचा पुरा प्रयोगच मांडला आहे. त्याने वाडे बांधले, द्राक्षमळे लावले, झाडांना पाणी द्यायला तळी खोदली, गाणारे-गाणाऱ्या ठेवल्या. शहाण्याला डोळे असतात आणि मूर्ख अंधारात चालतो, हे या राजालाही मान्य आहे. मात्र मरण दोघांना सारखेच येते, आणि कष्टाने जमवलेले सारे अशा वारसाच्या हाती जाते जो शहाणा निघेल की मूर्ख, हे सांगता येत नाही. हे ज्याला दिसले त्याची झोप उडते. ते न दिसणारा मूर्ख सुखी असतो.

पूर्वपक्ष येथे आपली बाजू सोडत नाही, पण ती नेमकी करतो. नीतिसूत्रे वाटतात तितकी भाबडी नाहीत. चौदाव्या अध्यायात हसतानाही मन दुखत असते याची नोंद आहे. सव्विसाव्या अध्यायात मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखे उत्तर देऊ नये असे एक सूत्र येते आणि लगेच पुढचे सूत्र तसे उत्तर द्यावे असे सांगते. संकलन करणाऱ्याच्या ध्यानात ही विसंगती आली नाही, असे मानणे कठीण आहे. दोन्ही ओळी लागून ठेवल्या आहेत त्या वाचणाऱ्याने प्रसंग ओळखावा म्हणूनच. हे शहाणपण एकाच घराण्याचे किंवा एकाच देशाचेही नाही. ‘आमेनेमोपेची शिकवण’ हा जुना इजिप्शियन ग्रंथ १९२३मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा नीतिसूत्रांच्या बाविसाव्या ते चोविसाव्या अध्यायांतला बराच मजकूर त्याच्याशी जुळतो हे अभ्यासकांच्या लक्षात आले. म्हणजे सूत्र ही हमी नव्हे. पुष्कळ लोकांनी पुष्कळ काळ पाहिलेल्याची ती नोंद आहे.

ही कबुली उत्तरपक्षाला हवीच होती. सूत्र ही हमी नसेल, तर आनंद हा शहाणपणाचा मोबदला ठरत नाही. मोबदला असता तर तो न मिळाल्याची तक्रार करता आली असती, आणि ईयोबाचे पुस्तक जवळजवळ सगळे याच तक्रारीने भरले आहे. उपदेशक तक्रारीपाशी थांबत नाही. त्याच्या बारा अध्यायांत आनंदाची शिफारस सात ठिकाणी येते. १९८२मध्ये आर. एन. व्हायब्रे या अभ्यासकाने या सात जागा एकत्र ठेवून दाखवले की तिचा जोर उत्तरोत्तर वाढत जातो. दुसऱ्या अध्यायात ती नुसते निरीक्षण म्हणून येते, आठव्यात उपदेशक आनंदाची उघड वाखाणणी करतो आणि नवव्यात सरळ आज्ञाच होते. ही आज्ञा जवळून पाहण्याजोगी आहे. भाकरी आनंदाने खावी, द्राक्षारस मोकळ्या मनाने प्यावा, कपडे पांढरे असावेत, डोक्याला तेल असावे, प्रिय पत्नीबरोबर दिवस घालवावेत आणि हाताला येईल ते काम जीव ओतून करावे. यादी एवढीच आहे. राजाच्या प्रयोगातली तळी आणि वाडे तीत नाहीत. दुसऱ्या अध्यायात जे सारे फोल ठरले, त्यातून मजुराच्या घरातही असू शकेल एवढेच नवव्या अध्यायात उरले आहे. मजुराला पोटात कमी गेले काय नि जास्त गेले काय, झोप गोडच लागते, हे पाचव्या अध्यायात आधीच सांगून झालेले असते.

“मग हे चार्वाकाचेच झाले,” असा पूर्वपक्षाचा पुढचा आक्षेप. उद्या मरायचेच आहे तर आज खाऊ-पिऊ, या वृत्तीला पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात खोडून काढले आहे. शिवाय बाबिलोनी गिल्गमेश महाकाव्याच्या जुन्या पाठात मद्य विकणारी सिदुरी जवळपास हाच सल्ला देते : पोट भरलेले ठेव, कपडे स्वच्छ ठेव, डोके धू, हात धरणाऱ्या पोराकडे बघ. मद्यविक्रेतीला जे ठाऊक होते, त्यासाठी शास्त्राची काय गरज?

उत्तरपक्षाला साम्य नाकारायचे नाही. फरक तो वेगळ्या ठिकाणी पाहतो. चैनी माणूस मरणाकडे पाठ फिरवून खातो. उपदेशकाची भाकरी मरणाकडे पाहून खाल्लेली आहे आणि ती देवाच्या हातून आलेला वाटा आहे. वाटा म्हटला की देणारा आला आणि जाबही आला. तरुणपणी आनंद करण्याचे सांगणाऱ्या अकराव्या अध्यायातल्या त्याच वचनात न्यायाची आठवण आहे. आणि सातपैकी बहुतेक जागी आनंद कष्टांना जोडलेला आहे. तो सुट्टीच्या दिवसापुरता नाही.

या वाचनाला इतिहासात मोठा विरोध झाला आहे, आणि पेच सर्वांत धारदार होतो तो तिथे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती धर्मपंडित जेरोम रोममध्ये ब्लेसिला नावाच्या तरुण विधवेला उपदेशक शिकवत असे. लग्नानंतर सात महिन्यांत तिचा नवरा गेला होता. पुस्तक शिकवण्याचा हेतू जेरोमने स्वतःच लिहून ठेवला आहे : तिच्या मनात जगाविषयी तुच्छता उत्पन्न व्हावी. ब्लेसिलाने कडक उपासतापास सुरू केले आणि ३८४मध्ये, विशीतच, ती वारली. अंत्ययात्रेत तिची आई पॉला बेशुद्ध पडली आणि उपासांनीच पोरीला मारले अशी कुजबुज लोकांत सुरू झाली. त्यानंतर जेरोमने पॉलाला पत्र लिहिले. त्यात तो स्वतःही रडल्याचे सांगतो आणि तरी आईने इतके रडणे बरे नव्हे अशी तिची कानउघाडणीही करतो. पुढे बेथलेहेमात त्याने उपदेशकावरचे भाष्य पुरे केले आणि ते पॉला व तिची दुसरी मुलगी युस्टोखियम यांना अर्पण केले.

सुमारे साडेअकराशे वर्षांनी मार्टिन ल्यूथरने १५२६मध्ये विटेनबर्गला याच पुस्तकावर व्याख्याने दिली. ती १५३२मध्ये छापली गेली. जगाचा तिरस्कार शिकवणाऱ्या परंपरेचा दोष त्याने जेरोमच्या भाष्याकडेच नेला. ल्यूथरच्या मते उपदेशक वस्तूंना दोष देत नाही. हातात असलेल्यावर समाधान न मानता न मिळालेल्याच्या मागे धावणाऱ्या मनाला देतो. पुस्तक तेच, अध्याय तेच, आणि एका वाचनातून उपास निघाला तर दुसऱ्यातून जेवणाचे ताट. पूर्वपक्षाला हे विचित्र वाटते. उत्तरपक्षाला मात्र ब्लेसिलाच्या कथेत एक साधी चूक दिसते : जेरोमने निराशेच्या जागा वाचल्या आणि आनंदाच्या सात जागा अलंकारिक ठरवून बाजूला केल्या. येथे पारडे ल्यूथरकडे झुकते, हे मान्य करायला हरकत नाही.

तरी एक अडचण उरते, आणि ती दोन्ही वाचनांना लागू आहे. आनंद देणगी असेल तर त्याची आज्ञा करता येत नाही. आज्ञा असेल तर तो आनंद राहत नाही, कर्तव्य होते. फिलिप्पैकरांस पत्र लिहिताना पौल बंदिवासात होता, आणि चार अध्यायांच्या या लहानशा पत्रात तो आनंद करण्याचे पुन्हा पुन्हा सांगतो. तुरुंगातल्या माणसाचे सांगणे भारदस्त असते, पण म्हणून ते शक्य होते का?

“तो कोणाला सांगतो आहे तेही पाहावे,” असे उत्तरपक्षाचे म्हणणे. चौथ्या अध्यायातली ती प्रसिद्ध आज्ञा येण्याच्या दोनच वचने आधी पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघी बायकांना एकचित्त होण्याची विनवणी करतो आणि मंडळीतल्या एका सोबत्याला त्यांना मदत करण्यास सांगतो. मंडळीत भांडण चालू आहे आणि पुढे लगेच आनंद करण्याचे सांगणे आहे. म्हणजे आज्ञा एकट्याच्या मनाला नाही, साऱ्या मंडळीला आहे; मनात काय वाटावे हे ती सांगत नाही, एकत्र कसे राहावे हे सांगते. पौल पुढे असेही लिहितो की भरल्या पोटी आणि उपाशीपोटी तृप्त राहायला आपण शिकलो. शिकलो, म्हणजे जन्मजात ते जमत नव्हते. उपदेशकाच्या नवव्या अध्यायातली यादीही अशीच करण्याजोगी आहे. पांढरे कपडे घालणे, तेल लावणे, भाकरी मोडणे हे सांगितल्यावर करता येते. आनंद आला तर तो त्या वेळी येतो.

मराठीत याचे एक उदाहरण केडगावला आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. साध्या बायकांना कळावे म्हणून भाषा सोपी ठेवली आणि छपाई मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायकांकडून करवून घेतली. काम संपत आले असताना १९२१मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४मध्ये बाहेर पडला. त्या महिन्यांत त्यांच्या मनात काय होते, याचा अंदाज बांधणे आगाऊपणाचे होईल. हाताला आलेले काम त्यांनी सोडले नाही, एवढे नक्की. पूर्वपक्ष यात चिकाटी पाहतो, उत्तरपक्ष वाटा; एकाच घटनेची ही दोन नावे असू शकतात.

शेवटचा आक्षेप पूर्वपक्षाचा आहे आणि तो सर्वांत अवघड आहे. ताट समोर आहे, कपडे धुतलेले आहेत, घरात माणसे आहेत, आणि तरी काहीच गोड लागत नाही अशा माणसाचे काय? उपदेशकाच्या सहाव्या अध्यायात असा माणूस आहे : देवाने त्याला सर्व काही दिले, उपभोगण्याचे सामर्थ्य तेवढे दिले नाही. त्याला आनंद करण्याची आज्ञा सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे.

उत्तरपक्षाकडे याचे पूर्ण उत्तर नाही, कारण त्याच्या पुस्तकातही ते नाही. तो चौथ्या अध्यायाकडे वळतो : दोघे असले की एक पडल्यास दुसरा उठवतो, आणि दोघे निजले की ऊब येते. त्याच वचनांत एकट्याविषयी हळहळ आहे, हे पूर्वपक्ष निदर्शनास आणतो आणि मग आपल्याच पुस्तकातून उत्तरपक्षाच्या मदतीला येतो. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायानुसार खिन्न माणसापुढे गाणी गाणे म्हणजे थंडीत त्याच्या अंगावरचे वस्त्र काढून घेणे आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यावर. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करणे आणि रडणाऱ्यांबरोबर रडणे या दोन्ही आज्ञा एकाच वचनात आहेत. यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते : आनंदाची आज्ञा माणसाने स्वतःला लावून घ्यावी, दुसऱ्यावर बजावू नये. जेरोमचे पॉलाला लिहिलेले पत्र या कसोटीला उतरत नाही. पौलाचे पत्र उतरते की नाही, यावर मात्र त्यांचा वाद मिटत नाही. पूर्वपक्षाच्या मते बंदिवानाला तो अधिकार असतो. उत्तरपक्षाच्या मते पौलालाही तो मिळाला आहे तो युवदीया आणि सुंतुखे यांचे भांडण मिटवण्याची विनंती आधी केल्यामुळे.