‘ट्रान्सफर कम्प्लीट’ दिसलं म्हणून पेनड्राइव्ह पुसलात?

दार लावून घ्या. लॅपटॉप मिटा, फोन दप्तरात टाका. आज प्रात्यक्षिक होणार नाही. आज मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात.

काल संध्याकाळी वाचनालयातून ग्रंथपालांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मॅडम, मुलांनी चढवलेले फोटो अर्धेच दिसतात, खाली नुसत्या करड्या पट्ट्या.” ज्या माणसाने व्याख्यानमालेचे जुने फोटो कपाटातून काढून विश्वासाने तुमच्या हातात दिले, स्कॅनर लावायला स्वतःचं टेबल मोकळं करून दिलं, त्यांना मी काय उत्तर द्यायचं? मी सर्व्हर उघडून पाहिला. तपासली ती प्रत्येक जेपीजी फाइल फुटलेली. म्हणून पहिल्या गटाला म्हटलं, मूळ स्कॅन आणा, मी पुन्हा चढवते. तेव्हा माना खाली गेल्या. पेनड्राइव्ह पुसला, मॅडम. का पुसला? तर ‘ट्रान्सफर कम्प्लीट’ आलं होतं.

फाइल पाठवायचा मोड चुकला, याचा मला एवढा राग नाही. शिकताना मोड चुकतो. चढवलेली एकही फाइल उघडून न बघता दुसऱ्याच्या ठेव्याच्या स्कॅनची एकुलती एक प्रत तुम्ही पुसलीत, याचा राग आहे.

तो संदेश तुम्ही वाचलात तरी का? त्याच्या आधी आकडा असतो, २२६. त्याचा अर्थ इतकाच, की डेटाची जोडणी बंद झाली आणि जे आलं ते सर्व्हरने ठेवून घेतलं. जे आलं ते तुम्ही पाठवलं तेच आहे का, हे तो सांगत नाही, कारण ते त्याला ठाऊकच नसतं. एफटीपीच्या नेहमीच्या पद्धतीत फाइल संपली हे जोडणी बंद झाल्यावरूनच ओळखतात. मूळ फाइल केवढी होती, हे सर्व्हरला कोणी कळवलेलं नसतं. ते तुम्हाला माहीत होतं. फक्त तुम्हालाच माहीत होतं, आणि तुम्ही ते ताडून पाहिलं नाहीत.

आता फोटो का फुटले ते ऐका. विंडोजच्या काळ्या खिडकीतला एफटीपी तुम्ही चालवलात आणि थेट ‘एमपुट’ ठोकलात. त्या प्रोग्रॅमचा मूळ मोड आस्की आहे. आस्की मोड मजकुरासाठी असतो. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन बाइट असतात, शून्य-डी आणि शून्य-ए. लिनक्सवर एकच असतो, शून्य-ए. आस्की मोडमध्ये लिनक्सचा सर्व्हर तुमच्यावर भरवसा ठेवून, हा मजकूरच आहे असं समजून, अशा प्रत्येक जोडीतला शून्य-डी काढून टाकतो. फोटोत ओळी नसतात, पण योगायोगाने ती जोडी येतेच. दाबून लहान केलेल्या डेटात साधारण ६५ हजार बाइटांमागे एकदा येते. म्हणजे तीन एमबीच्या फोटोतून चाळीस-पन्नास बाइट गळाले. सर्व्हरवरची यादी मागवून दोन्हीकडचे आकार शेजारी-शेजारी ठेवले असतेत, तरी फरक डोळ्यांना दिसला असता. एवढंच कशाला, प्रत्येक फाइल सुरू होताना १५० क्रमांकाचा संदेश स्क्रीनवर येत होता आणि त्यात आस्की हा शब्द लिहिलेला होता. दर फाइलला एकदा! तुम्हा चौघांपैकी एकानेही तो वाचला नाही.

आणि मला कोणी सांगू नका की उलट प्रोग्रॅम लिहून दुरुस्त करू. फाइलमध्ये आता हजारांनी शून्य-ए आहेत. त्यातल्या कोणत्या शून्य-एच्या आधी शून्य-डी होता आणि कोणता मुळातच एकटा होता, हे सांगणारी खूण कुठेही उरलेली नाही. गेलं ते गेलं. ज्यांनी पीएनजी हा प्रकार रचला त्यांना हा धोका पुरता ठाऊक होता. म्हणून त्यांनी फाइलच्या पहिल्या आठ बाइटांतच ही जोडी आणि एक सुटा शून्य-ए मुद्दाम बसवला, म्हणजे असा घोळ झाला तर पहिल्याच वाचनात उघड व्हावा. जेपीजीत तशी राखण नाही. तिथे राखण तुम्ही करायची होती.

हा मोड मुळात ठेवलाच कशाला, असं पुटपुटलेलं मी ऐकलं. उत्तर देते. १६ एप्रिल १९७१ ला या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला, आरएफसी ११४. लिहिणारे अभय भूषण. अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा एमआयटीत होते. त्या काळी एका यंत्राचा शब्द ३६ बिटांचा तर दुसऱ्याचा ३२, एकाची अक्षरं आस्कीत तर दुसऱ्याची एबसिडिकमध्ये. अशा यंत्रांना एकमेकांचा मजकूर वाचता यावा, म्हणून भाषांतराची सोय हवीच होती. १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्येही मूळ मोड आस्कीच राहिला. हा प्रोटोकॉल रचणाऱ्यांनी प्रत्येक पायरीवर सर्व्हरला बोलायला लावलं. तीन आकडी उत्तर, आणि पहिल्या आकड्यातच निकाल: १ म्हणजे सुरू झालं, २ म्हणजे पार पडलं, ३ म्हणजे अजून काही हवंय, ४ म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर बघा, ५ म्हणजे असं मागाल तर होणार नाही. हे तुम्हाला पहिल्या सत्रात शिकवलंय. परीक्षेत लिहून गुणही घेतलेत.

आता दुसरा गट. हसू नका, तुमची पाळी आली आहे. तुम्ही दोन दिवस मला सांगत राहिलात, “सर्व्हर बंद आहे.” सर्व्हरने २२० म्हणून स्वागत केलं, ३३१ म्हणून पासवर्ड मागितला, २३० म्हणून आत घेतलं. मग बंद कसा? एफटीपीचं घर दोन दारांचं आहे. बोलणं २१ क्रमांकाच्या दाराने चालतं, सामान वेगळ्या दाराने येतं-जातं. ‘डीआयआर’ म्हटलंत की फाइलींची यादी हेसुद्धा सामानच. अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत ते दुसरं दार तुम्ही उघडायचं आणि सर्व्हरने तुमच्याकडे यायचं. तुमच्या प्रोग्रॅमने त्याला पत्ता दिला, १९२, १६८, ४३, ७, आणि पुढे १९५, ८०. शेवटचे दोन आकडे म्हणजे पोर्ट: १९५ गुणिले २५६, अधिक ८०, म्हणजे ५००००. गणित बरोबर आहे. पण १९२.१६८ हा पत्ता तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या आतला! इंटरनेटवरून तिथे कोणी पोहोचू शकत नाही. सर्व्हरने प्रयत्न केला आणि ४२५ सांगितलं: डेटा जोडणी उघडता येत नाही. ४ ने सुरू होणारं उत्तर. तुम्ही खिडकी बंद केलीत आणि दोष त्याच्या माथी मारलात.

पासिव्ह पद्धत यासाठीच आहे. तिथे सर्व्हर दार उघडतो, २२७ बरोबर पत्ता देतो आणि तुम्ही जाता. विंडोजच्या त्या खिडकीतल्या प्रोग्रॅमला पासिव्ह येत नाही. फाइलझिलाला येतं आणि ते तुमच्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आहे. पहिल्या गटाचं प्रयोगशाळेतून चाललं, कारण इथला राउटर मध्ये पडून तो पत्ता बदलून देतो. ते त्यांचं कौशल्य नव्हे.

पासवर्डबद्दल थोडक्यात बोलते, कारण याची मला लाज वाटते. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. गेल्या महिन्यात याच खोलीत वायरशार्क लावून मी तो पडद्यावर दाखवला होता. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्यानंतर तुम्ही वाचनालयाचा पासवर्ड बस स्टँडसमोरच्या कॅफेच्या वायफायवरून पाठवलात. वर तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकलात, ज्यात मागच्या वर्षीची मुलं अजून आहेत. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू इलोनेन या संशोधकाने एसएसएच लिहिलं. एसएफटीपी त्याच एसएसएचवर चालतं. पोर्ट एकच, २२, आणि बोलणं आणि सामान दोन्ही बंदोबस्तात. हॉटस्पॉटची अडचण आली नसती, आस्कीचा घोळ झाला नसता, पासवर्ड कोणाला दिसला नसता. वाचनालयाच्या होस्टिंगवर एसएफटीपी सुरू आहे, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. तुमच्या वह्यांतही ते आहे, मी आज सकाळी पाहिलं.

पासवर्ड मी रात्रीच बदलला. नवा एकेका गटप्रमुखाला समोर बोलावून देईन. उद्या सकाळी दहाला दोन्ही गट वाचनालयात हजर हवेत. आधी ग्रंथपालांना घडलं ते सगळं तुमच्या तोंडाने सांगायचं. मी बाजूला उभी राहीन, पण एक शब्द बोलणार नाही. मग पुन्हा स्कॅन. जुने फोटो हाताळताना कडेला धरायचे. दोन प्रती करायच्या, एक वाचनालयाच्या संगणकावर, एक तुमच्याकडे. चढवायचं एसएफटीपीने. चढवलेली प्रत्येक फाइल परत उतरवायची आणि ‘सर्टयुटिल’ने मूळ आणि उतरवलेल्या प्रतीचा एसएचए-२५६ काढून वहीत शेजारी-शेजारी लिहायचा. जुळला तर पुढची. नाही जुळला तर तिथेच थांबून मला हाक मारायची. माझी सही होईपर्यंत कोणीही काहीही पुसायचं नाही.

पहिल्या गटात ज्याने पेनड्राइव्ह पुसला, त्याने तो घेऊन आत्ता माझ्या टेबलाशी यावं. पुसल्यावर त्याच्यावर दुसरं काही लिहिलं नसेल, तर फाइल परत काढणाऱ्या साधनाने काही स्कॅन मिळतीलही. लिहिलं असेल तर तसं स्पष्ट सांग. बाकीच्यांनी सर्व्हरची कालची नोंद उघडा आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचा. प्रत्येक आकड्याचा अर्थ सांगितल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही. रोल नंबर एकपासून सुरू करा.