अशुद्ध पक्षी आणि देवाचा करार

शास्त्रपाठ : उत्पत्ति ७:१–३ व ९:८–१७, ईयोब ३९:२७–३०



नोहाच्या तारवाची कथा आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही पाठ आहे. तरी तींत एक गोष्ट अशी आहे कीं, तिजकडे आमचें लक्ष फारसें जात नाहीं. परमेश्वरानें नोहास जी आज्ञा केली तींत शुद्ध पशूंबरोबर अशुद्ध पशूंचाही उल्लेख आहे. जे यज्ञाच्या उपयोगाचे नव्हते, व पुढें मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें खाण्याच्याही उपयोगाचे राहिले नाहींत, त्यांचेंही जोडपें तारवांत घ्यावयाचें होतें. आणि जलप्रलय ओसरल्यावर जो करार झाला तो केवळ नोहा व त्याचे पुत्र ह्यांच्याशींच झाला नाहीं. पक्षी, गुरेंढोरें व वनपशू ह्यांचा त्यांत स्पष्ट निर्देश आहे. आज आम्ही अशाच एका अशुद्ध गणलेल्या पक्ष्याविषयीं लिहिणार आहों. तो पक्षी म्हणजे गिधाड होय.

नांव काढतांच कित्येक वाचक नाक मुरडतील. लेवीयाच्या ११ व्या अध्यायांत निषिद्ध पक्ष्यांच्या यादींत गिधाड आहे हें खरें. परंतु ईयोबाच्या पुस्तकांत देव स्वतः ईयोबास विचारतो कीं, हा पक्षी उंच भरारी मारून कड्यावर घर करितो तें काय तुझ्या हुकुमानें? त्या ठिकाणीं मराठी शास्त्रांत गरुड असा शब्द घातला आहे. मूळ इब्री शब्द नेशेर असून तो गिधाडासही लावितात. मीखा संदेष्ट्यानें (१:१६) टक्कल करण्याचा दाखला ह्याच पक्ष्यावरून दिला आहे. आणि टकलें डोकें गरुडाचें नसतें, गिधाडाचें असतें, हें गुराख्याच्या पोरासही ठाऊक आहे. निदान पूर्वीं ठाऊक होतें, कारण तेव्हां तो पक्षी रोज दृष्टीस पडे.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध उपदेशक सांगत कीं, त्यांच्या लहानपणीं गांवांत बैल मेला म्हणजे तो बाहेरच्या माळावर ओढून नेत, त्याचें चामडें काढून घेत, आणि इतक्यांत आकाशांत ठिपके दिसूं लागत. मोठा थवा उतरला तर तासाभरांत हाडांखेरीज कांहीं उरत नसे. दुर्गंधि नाहीं, माशा नाहींत, ओढ्याच्या पाण्यास बाध नाहीं. तो बैल ओढून नेण्याचें काम कोणाकडे होतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्या हातांनीं गांव स्वच्छ ठेविलें त्याच हातांस गांवानें विटाळ म्हटलें, आणि त्या माळावर ज्या पक्ष्यानें सोबत केली त्यासही अमंगळ म्हटलें. तें सक्तीचें काम आमच्या वाडवडिलांनीं टाकून दिलें, आणि तें टाकिलें हेंच योग्य झालें. पक्ष्यानें मात्र आपलें काम टाकिलें नव्हतें. तो त्या कामावरच मेला.

किती मेले तें ऐका. सन १९८० नंतरच्या वर्षांत पांढऱ्या पाठीचें गिधाड हा जगांतील मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वांत विपुल पक्षी समजला जाई. सन १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत भारतांत त्यांच्या हजारांतून एखादेंच उरलें. लांब चोचीचीं गिधाडें, जीं सह्याद्रीच्या कड्यांवर घरटीं करितात, तीं शंभरांतून तीन-चार राहिलीं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश ह्यांनीं भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत ही घट नोंदविली. पक्षी माना खालीं टाकून झाडावर बसत आणि कांहीं दिवसांनीं खालीं पडत. हा कांहीं सांथीचा रोग असावा असें पुष्कळांस वाटलें. शेवटीं सन २००४ मध्यें लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं पाकिस्तानांतील मेलेलीं गिधाडें तपासून खरें कारण दाखविलें. डायक्लोफिनॅक नांवाचें वेदना व सूज कमी करणारें औषध गुरांस टोचीत असत. औषध दिल्यावर जनावर लवकरच मेलें तर तें त्याच्या मांसांत राहतें, आणि तें मांस खाणाऱ्या गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होतात.

येथें थोडें थांबावें असें आम्हांस वाटतें. ज्या शेतकऱ्यानें आपल्या लंगडत्या बैलास ती सुई टोचविली त्यानें वाईट काय केलें? नीतिसूत्रांत (१२:१०) जो आपल्या पशूच्या जिवास जपतो त्यास नीतिमान म्हटलें आहे. औषध स्वस्त होतें, बैल उठून उभा राही, नांगर चाले. मनांत दयाच होती. आणि शास्त्रज्ञांचा हिशेब असा कीं, शंभर मृत जनावरांत एकाहूनही कमी जनावर असें विषारी असलें तरी एवढा संहार होण्यास तें पुरे होतें. कारण ही जात पंक्तीनें जेवणारी आहे, एका प्रेतावर सारा थवा बसतो. म्हणून कोणा शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु लेवीयाच्या ४ थ्या अध्यायांत अजाणतां केलेल्या पापाकरितांही अर्पण सांगितलें आहे, आणि तें केव्हां आणावयाचें? तर आपला दोष कळून आल्यावर. तो आम्हां सर्वांस कळून येऊन वीस वर्षांवर झालीं.

गिधाडें गेलीं म्हणून माळावरचें मांस कांहीं राहिलें नाहीं. तें कुत्र्यांनीं खाल्लें, कुत्रीं वाढलीं, आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश म्हणजे काय हें खेड्यांतील माणसास ठाऊक आहे. सन २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असा अंदाज केला आहे कीं, सन २००० ते २००५ ह्या काळांत ह्या पक्ष्याच्या अभावीं भारतांत सुमारें ५ लाख माणसें अधिक मेलीं. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. तरी ज्या पक्ष्यास आम्ही अशुभ म्हणत होतों तो मृत्यूस आमच्या दारापासून दूर ठेवीत होता, हें त्यावरून दिसतें.

सरकारनें सन २००६ मध्यें गुरांसाठीं डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. मग लोक माणसांसाठीं मिळणाऱ्या मोठ्या कुप्या गुरांसाठीं आणूं लागले. तेव्हां सन २०१५ मध्यें कुपी ३ मिलिलिटरांहून मोठी नसावी असें ठरलें. सन २०२३ मध्यें केटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक ह्यांवरही गुरांसाठीं बंदी आली. कायदा झाला म्हणजे काम झालें असें मात्र नव्हे. चोरवाट माणसास लवकर सांपडते.

मोडलेलें पुन्हा उभें करणें किती सावकाशीचें काम आहे तेंही पाहा. गिधाडाची मादी वर्षांत एकच अंडें घालते, आणि पिलूं वयांत येण्यास चार-पांच वर्षें लागतात. हरियाणांत पिंजोर येथें सन २००१ पासून गिधाडें सांभाळून त्यांची वीण वाढविण्याचें काम चाललें आहे. सन २०२४ मध्यें तेथील कांहीं पक्षी आमच्या विदर्भांतील पेंच व ताडोबा येथें आणिले. त्यांतील एक सोडल्यावर तामिळनाडूपर्यंत उडत गेलें आणि तेथें विजेच्या धक्क्यानें मेलें. वीस वर्षांच्या श्रमांतून तयार झालेल्या थोड्या पक्ष्यांत एकाचें मोल काय असतें, हें हरवलेल्या मेंढराचा दाखला ऐकिलेल्यांस समजेल. नाशिक जिल्ह्यांत हरसूलजवळ खोरीपाडा येथें वनविभाग व ग्रामस्थ मिळून मृत जनावरें एका ठरलेल्या जागीं ठेवितात, आणि गिधाडें तेथें उतरतात. ते ग्रामस्थ कांहीं मोठे विद्वान नव्हेत, आमच्या वाचकांसारखेच डोंगरकडेचे लोक आहेत.

तर ज्यांच्या दारीं गुरें आहेत त्यांनीं गुरांच्या डॉक्टरास सुई टोचण्यापूर्वीं औषधाचें नांव विचारावें. विचारण्यास संकोच वाटूं देऊं नये. मेलॉक्सिकॅम हें औषध त्याच कामाचें असून तें गिधाडांस बाधत नाहीं. दुसरें कोणतेंही दुखण्याचें औषध दिलेलें जनावर मेलें तर तें उघड्यावर न टाकितां खोल पुरावें. कोणत्याही मेलेल्या जनावरावर कुत्र्यांसाठीं म्हणून विष घालूं नये. तें कुत्र्याआधीं पक्ष्यास लागतें. ज्या उंच झाडावर घरटें असेल तें झाड, पैसे चांगले येत असले तरी, पिलूं उडून जाईपर्यंत तरी तोडूं देऊं नये.

आणि उपदेशक बंधूंस एक विनंती. डायक्लोफिनॅक, केटोप्रोफेन, असिक्लोफिनॅक हीं तीन नांवें व मेलॉक्सिकॅम हें चौथें, अशीं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून प्रार्थनामंदिराच्या दाराशीं लावावीं. आणि ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस रविवारीं उपासना सुटल्यावर तीं वाचून दाखवावीं.