रंगसंगती विशेष

माणूस आयुष्यात निदान एकदा तरी खोटी साक्ष देतोच. कोर्टात नव्हे, कोर्टाची पायरी मी कधी चढलो नाही. मी साक्ष दिली ती एका वहीत, स्वतःच्या हस्ताक्षरात, खाली झोकदार सही करून आणि गावाचे नाव घालून : अंबरनाथ (पश्चिम).

कंसातला तो 'पश्चिम' आम्ही विसरत नाही. पूर्वेला साडेनऊशे वर्षांपूर्वीचे शिवमंदिर आहे. पश्चिमेला ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि विम्कोच्या काड्यापेट्याही आमच्याचकडे होत. त्यामुळे लहानपणी कलेशी आमचा संबंध आला तो काडेपेटीवरच्या छापांपुरता. ते आम्ही जमवायचो, बदलायचो आणि त्यावरून मारामाऱ्याही करायचो. कलेसाठी मी एवढा जीव पुढे कधीच टाकला नाही.

तर त्या वहीचे असे झाले. भाचीचे लग्न ठरले होते आणि आमच्या हिला चपला हव्या होत्या त्या कुलाबा कॉजवेवरच्याच. अंबरनाथहून व्ही. टी. साठ किलोमीटर. (स्टेशनचे नाव 1996 साली बदलले, पण आमच्या पिढीच्या जिभेवर ते गॅझेट अजून पोचलेले नाही.) साठ किलोमीटरवर जाऊन चपला आणायच्या म्हणजे घरातल्या झिजवूनच जायचे, हा माझा मुद्दा नेहमीप्रमाणे मनातल्या मनात मांडून झाला आणि आम्ही निघालो.

कॉजवेवर काय मिळत नाही? फुटपाथवर कानातली, गळ्यातली, उन्हाचे चष्मे, पितळी होकायंत्रे. समुद्र दोन गल्ल्यांवर. तो दिसत नाही, पण शर्ट अंगाला चिकटवून आपण असल्याचे कळवतो. चौथ्या दुकानात हिने "अहो, तुम्ही जरा बाहेर थांबता का? तुमच्या तोंडाकडे बघून तो दुकानदार भाव कमी करत नाहीये," असे सांगितले. बाहेर थांबलो तर पाऊस आला. छत्री आत, म्हणजे हिच्याजवळ. धावत एका बाजूच्या गल्लीत शिरलो आणि पहिला जो काचेचा दरवाजा दिसला तो ढकलला. ती एक चिमुकली आर्ट गॅलरी निघाली.

चित्रप्रदर्शने मला अगदीच अनोळखी नव्हती. काळ्या घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 सालची. मी ती अनेकदा पाहिली आहे, म्हणजे तिथल्या 'सामोवार'मध्ये चहा प्यालो आहे. 2015 साली सामोवार बंद झाले तेव्हा कलाक्षेत्राची भरून न येणारी हानी झाली असे मला अगदी मनापासून वाटले. जहांगीरचा मोठा गुण म्हणजे तिथे लपता येते. गर्दी असते. एखाद्या चित्रासमोर मान तिरकी करून उभे राहावे, एक पाऊल मागे जावे, "हं" म्हणावे आणि सटकावे. कुणाला पत्ता लागत नाही.

छोट्या गॅलरीत ही सोय नसते. तिथे होते दोघेच. मी, आणि टेबलामागे बसलेले साठीचे एक गृहस्थ. अंगात खादीचा झब्बा, जवळ जेवणाचा डबा आणि थर्मास. तेच चित्रकार. हॉलचे भाडे पदरचे भरून माणूस आठवडाभर आपल्या चित्रांच्या राखणीला बसतो आणि दार वाजले की मान वर करतो. दारात उभा असतो पावसाला चुकवायला आलेला मी.

"या, या. सावकाश बघा," ते म्हणाले.

मी सावकाश बघितली. सगळी चित्रे मिळून चार मिनिटे लागली. लग्नाच्या पंगतीत वाढपी जसा फिरतो तसा मी भिंतीवरून फिरलो. कुठे थांबलो नाही, कुणाला वगळले नाही. टेबलापाशी परत आलो तेव्हा त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली. आधीची पाने चाळली. 'छान', 'फार छान', 'सुंदर', 'शुभेच्छा'. एवढ्या लांबून आलेल्या माणसाने इतक्या स्वस्तात सुटणे बरे दिसले नसते. मी लिहिले : "अप्रतिम! रंगसंगती विशेष."

त्यांनी ते वाचले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कुठल्या चित्रातली हो?"

"काय?"

"रंगसंगती."

मी मान वर करून पाहिले. त्या खोलीत गेल्यापासून पहिल्यांदाच पाहिले म्हणा ना. भिंतीवरची सगळीच्या सगळी चित्रे कोळशाने काढलेली होती. रंग औषधाला नव्हता.

"म्हणजे... काळ्यापांढऱ्याची," मी म्हणालो.

धर्मराजाचा रथ चार बोटे खाली आला तेव्हा निदान समोर कुरुक्षेत्र होते, राज्य पणाला लागले होते. माझा आला तेव्हा समोर चहा होता, तोही त्यांनी स्वतःच्या थर्मासमधून ओतून दिलेला.

पण गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी वही मागे उलटवून एक पान दाखवले. "ही माझी आवडती नोंद." पोराच्या वळणाच्या अक्षरात लिहिले होते : 'तीन नंबरच्या चित्रातला कावळा भिजला आहे.'

"यात छान नाही, सुंदर नाही," ते म्हणाले, "पण पोरानं पाहिलंय." मग माझी सही वाचून एकदम उजळले. "अंबरनाथ! अहो, मग तीन नंबर तुमच्याच गावचं की. देवळाची मागची भिंत. जे. जे.त असताना आम्ही तिथे स्केचिंगला यायचो. 1868 साली जे. जे.ची मंडळी तिथे जाऊन मूर्तींचे साचे घेऊन आली होती, तेव्हापासूनची आमची वाट आहे ती. तुमचं काय बुवा, रोजचंच दर्शन!"

"हो तर," मी म्हणालो. खोटी साक्ष क्रमांक दोन. महाशिवरात्रीच्या रांगेत शेवटचा कधी उभा होतो ते मला आठवत नव्हते, आणि रांगेत माणूस पुढच्याची पाठ पाहतो.

मग तीन नंबरसमोर जाऊन उभा राहिलो. काळ्या दगडावरून पाण्याचे ओघळ उतरत होते. एका मूर्तीचा हात कोपरापासून तुटलेला, तरी कमरेचा बाक तसाच. आणि वरच्या कोनाड्यात मान खांद्यात घालून, पिसे फुलवून बसलेला कावळा. भिजलाच होता. ज्या गावचे पाणी जन्मभर प्यालो त्या गावाच्या शेजारून मी पंधरा सेकंदांत पुढे गेलो होतो.

परतीच्या गाडीत ही नव्या चपलांची पिशवी मांडीवर घेऊन पेंगत होती आणि मी स्वतःशी खटला चालवत होतो. बचाव तयार होता. चार गोड शब्दांनी कुणाचे काय बिघडते? खरे बोलावे, प्रिय बोलावे, अप्रिय असले तर खरेही बोलू नये, असे मनूनेच सांगितले आहे. त्या श्लोकाचे हे पहिले दोन चरण आपल्याला फार आवडतात. तिसऱ्यात तो म्हणतो की प्रिय असले तरी खोटे बोलू नये. तिथे बहुधा आपले पाठांतर संपते.

पण खरी अडचण मनूपेक्षा पोह्यांनी सोडवली. एकदा ही पोह्यात मीठ घालायला विसरली होती. मी पेपर वाचता वाचता खाल्ले आणि "छान झालेत" म्हणालो. ती भडकली. वाईट पोह्यांना छान म्हटले म्हणून नव्हे. "म्हणजे तुम्ही खाल्लेच नाहीत!" असे ती म्हणाली. बशी रिकामी होती, तरी तिचे म्हणणे खरे होते.

माझा गुन्हा तोच. वाईट चित्रांना चांगले म्हणालो असतो तर ती फार तर भीड झाली असती. भिडेपोटी बोललेले देव माफ करत असेल. चित्रे तर चांगली होती! पण न पाहता 'पाहिले' अशी मी सही केली. करणाऱ्याला आपली स्तुती हवी असते असा आपला समज. त्याचे आपल्याकडे खरे येणे असते ते वेळेचे. ते चुकते करायला दहा मिनिटे लागतात. 'अप्रतिम' लिहायला दहा सेकंद पुरतात, म्हणून आपण ते लिहितो.

दोन रविवारांनी मी रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला गेलो. वालधुनी जवळ आल्याचे नाकाला कळते. मंदिर शके 982 चे, म्हणजे इसवी सन 1060. शिलालेखात शिलाहार राजा मुम्मुणीचे नाव आहे. ज्यांनी ती बोटे, ते दागिने, त्या कमरा कोरल्या त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, आणि देवळाच्या दारात अभिप्रायाची वही नाही. ही सोय फार बरी वाटली. पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेलो, नमस्कार केला, आणि बाहेर येऊन मागच्या भिंतीशी उभा राहिलो. पाऊस भुरभुरत होता. हात तुटलेली मूर्ती शोधायला गेलो तर तशा कितीतरी निघाल्या. एकेक बघत सरकत होतो. घड्याळ पाहिले नाही.

फुलवाला पोरगा बराच वेळ माझ्याकडे बघत असावा. शेवटी जवळ आला.

"काका, काही हरवलंय का?"

"कावळा शोधतोय," मी म्हणालो.

"पितृपंधरवड्याला अजून अवकाश आहे, काका."

"माहीत आहे रे," मी म्हणालो, "पण आधीच बघून ठेवलेला बरा."