आखूड पांघरूण

सकाळच्या चहाचं आमचं पातेलं जर्मलचं. आजीच्या तोंडी हाच शब्द होता आणि घरात तोच राहिला. ॲल्युमिनियम हे शाळेतलं नाव.

हे ॲल्युमिनियम गंजत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर ते घासल्या क्षणी गंजतं. उघड्या पडलेल्या धातूवर हवेतला ऑक्सिजन लगेच बसतो, काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो आणि मागून येणाऱ्या ऑक्सिजनला दारातच अडवतो. लोखंडाच्या गंजाला हे कधी जमलं नाही. पापुद्रा चिवट किती, तर ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याला मात्र २००० च्या वर अंश लागतात. तापवलेल्या तुकड्याचं आत पाणी झालं तरी तो पिशवीत भरल्यासारखा लोंबत राहतो.

पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ. जहाजाच्या पत्र्याला, थंड पेयाच्या डब्याच्या झाकणाला बळ हवं, म्हणून त्यात मॅग्नेशियम घालतात. झाकणात शंभराला ४-५ भाग. एरवी ही जोडी छान नांदते, समुद्राच्या खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही. खरी परीक्षा भट्टीत. तीनशे-चारशे अंशांच्या पुढे मॅग्नेशियमचे अणू झपाट्याने पृष्ठभागाकडे सरकू लागतात. ऑक्सिजनची त्यांची ओढ ॲल्युमिनियमहून जबर. हवेतला तर घेतातच, पण पापुद्र्यात बसलेला ऑक्सिजनही हिसकावतात. घराची राखण करणारी भिंत घरातल्याच माणसानं विटा काढून रिकामी करावी, तसं. चकचकीत पत्रा मळकट, करडा दिसू लागतो.

मग मॅग्नेशियमचाच नवा पापुद्रा का राखण करत नाही? पिलिंग आणि बेडवर्थ या दोघांनी १९२३ मध्ये याचा हिशोब मांडला, आणि तो शिंप्याच्या हिशोबाइतका सरळ आहे. जळलेल्या धातूच्या जागी तयार होणारा ऑक्साइड तेवढी जागा भरतो का, एवढंच बघायचं. ॲल्युमिनियमचे १०० घनफूट जळले तर ऑक्साइड भरतो सुमारे १२८. अंग झाकून वर उरतो. मॅग्नेशियमच्या १०० चे होतात जेमतेम ८१. पांघरूणच आखूड, डोकं झाकावं तर पाय उघडे.

वितळलेल्या रसावर तर हा खेळ डोळ्यांदेखत चालतो. आधी पातळ साय धरते आणि काही वेळ सगळं शांत वाटतं. मग सायीत स्पिनेलचे स्फटिक उगवतात. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन या तिघांचे मिळून. साय फाटते, फटींतून रस वर येतो, तोही जळतो, आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगवटे चढत जातात. ही मळी काढून टाकताना तिच्यात अडकलेला चांगला धातूही जातो.

गंमत अशी की याच स्पिनेलला क्रोमियमचा स्पर्श झाला की तो लाल रत्न होतो. जहांगीराचं नाव कोरलेला तैमूर रूबी आणि ब्रिटनच्या राजमुकुटातला ब्लॅक प्रिन्सचा माणिक हे दोन्ही मुळात माणिक नव्हेतच, स्पिनेल आहेत. भट्टीवाल्याला हे सांगून काय उपयोग? त्याच्या लेखी तो कचरा.

उपाय आहे. दहा लाख भागांत बेरिलियमचे मोजके भाग घातले की साय टिकते. पण बेरिलियमची धूळ आणि धूर फुफ्फुसांत गेले तर माणसाला जन्माचा आजार जडू शकतो. धातू वाचवायला भट्टीवरच्या माणसाचा श्वास पणाला लावायचा, हा सौदा मला कधीच पटला नाही. आता त्याला पर्याय शोधले जात आहेत. भट्टीतल्या हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी साय तग धरते, असं प्रयोगांत दिसलं आहे.

आमच्या जर्मलमध्ये मॅग्नेशियम असलंच तर नावापुरतं. रोज विस्तवावर चढून त्याचा पापुद्रा शाबूत आहे. मऊ मात्र आहेच. आजीच्या हातून एकदा ओट्यावरून खाली पडलं, तेव्हाचा पोचा अजून कडेला आहे, आणि चहा गाळताना धार नेमकी तिथूनच सांडते.