वर्दी अंगावर चढण्याआधी

सोलापूर,
रविवार, पहाटे

चि. सोनूस,


येत्या महिन्यात तुमचं दीक्षांत संचलन आहे असं तू फोनवर सांगितलंस, तेव्हापासून तुझ्या आजीने कडक भाकरीचा सपाटा लावलाय आणि शेंगांची चटणी उखळात कुटून डबा गच्च भरून ठेवलाय. बंदोबस्तावर वेळेत जेवण मिळत नाही हे तिला कुणीतरी सांगितलं, एवढंच तिच्या डोक्यात बसलंय. माझ्या डोक्यात दुसरंच काही आहे. चार वाजता जाग आली (जुन्या मिलचा भोंगा बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी शरीराला तो ऐकू येतोच), चूळ भरून चहा टाकला आणि कागद पुढे ओढला.

तू चांगली पोलीस होशील की नाही, ही चिंता मला नाही. लहानपणी दारात आलेल्या पोतराजाला तू तुझ्या ताटातली भाकरी उचलून दिली होतीस, ते मी पाहिलंय. ते मन कुठे जात नाही. मला धाकधूक आहे ती तुझ्या घाईची. तू जिना उतरतानासुद्धा दोन-दोन पायऱ्या उतरतेस, बाळ. आणि पोलिसाच्या हातून झालेली घाई दुसऱ्याच्या अंगावर पडते. ती कशी पडते, ते मला माहीत आहे, कारण एकदा ती माझ्यामुळे पडली. हे मी तुझ्या बापालाही कधी सांगितलेलं नाही.

१९७४ साल असेल. मिलमध्ये कायम होऊन थोडेच दिवस झाले होते. पैसे साठवून साठवून मी एक सायकल घेतली होती, हिरव्या रंगाची, आणि दररोज पाळीवर जाण्याआधी फडक्याने तिच्या तारा पुसायचो. एके दिवशी पाळी सुटल्यावर बाहेर आलो तर सायकल जागेवर नाही. मी तसाच धावत चौकीत गेलो. तिथल्या माणसाने कागदसुद्धा पुढे घेतला नाही, नुसतं विचारलं, ‘संशय कुणावर?’ आणि मी, क्षणाचाही विचार न करता, सेटलमेंटमधल्या एका पोराचं नाव घेतलं. का, तर तो दुपारी तिथे घुटमळताना दिसला होता. आणि खरं सांगायचं तर, तो सेटलमेंटमधला होता म्हणून. अर्ध्या तासात त्याला आणलं. पंधरा-सोळा वर्षांचं पोर, पायात चप्पल नाही. माझ्यासमोर त्याला दोन थोबाडीत बसल्या. तो रडला नाही, माझ्याकडे बघत राहिला. संध्याकाळी घरी आलो तर सायकल ओट्याला टेकून उभी होती. माझा आतेभाऊ निरोप न ठेवता घेऊन गेला होता.

सेटलमेंट म्हणजे काय, हे तुमच्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं का? तुला तो शहराचा एक भाग म्हणून माहीत आहे, रिक्षावाले नाव घेतात म्हणून. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. मूल पाळण्यात असतानाच त्याच्यावर शिक्का. आपल्या सोलापुरात अशा लोकांची मोठी वसाहत होती, तीच ही सेटलमेंट: भोवती तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर पडायचं तर परवाना. त्याच कुंपणातून माणसं आपल्या गिरण्यांत कामाला यायची आणि त्यांनी विणलेलं कापड गावभर अंगावर मिरवलं जायचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पुढे तारही निघाली. पण मी चौकीत तोंड उघडलं तेव्हा कायदा जाऊन बावीस वर्षं झाली होती, आणि तो माझ्या जिभेवर जसाच्या तसा होता.

मारणारा हात चौकीतल्या त्या माणसाचा होता, नाव मात्र मी पुरवलं होतं. त्या माणसाने पाच मिनिटं थांबून मला एवढंच विचारलं असतं की ‘घरी बघून आलास का?’ तर सगळं तिथेच मिटलं असतं. तू ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत बसशील तेव्हा समोर धापा टाकत आलेल्या माणसाला आधी बसव, पाणी दे, आणि त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत उतरवून घे. कागदावर सावकाश लिहिताना माणसाचा राग आपोआप खाली बसतो. आणि कुणी दुसऱ्या हद्दीतला आला, तर ‘तिकडे जा’ म्हणून हाकलू नकोस. हद्द कुठलीही असो, फिर्याद नोंदवून घ्यायची आणि मग पुढे पाठवायची, हे आता कायद्यातच आहे. छातीवरची नावाची पट्टीही स्वच्छ ठेव. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटक करणाऱ्या पोलिसाचं नाव आणि हुद्दा समोरच्याला स्पष्ट दिसला पाहिजे, अटकेची नोंद साक्षीदारासमोर झाली पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे. त्या पोराला मारणाऱ्याचं नाव मला कधीच कळलं नाही, आणि त्यालाही कळलं नसणार.

तू म्हणशील, आजोबा जुनंच उगाळतात. तर मग परवाचं ऐक. मुळेगाव तांडा आपल्यापासून कितीसा लांब? हातभट्टी म्हटलं की त्याचं नाव निघायचं. पोलीस जायचे, रसायनाचे बॅरल ओतायचे, भट्ट्या फोडायचे, गुन्हे दाखल व्हायचे. माणूस जामिनावर सुटला की गूळ आणि नवसागर पुन्हा येऊन पडायचा, कारण चूल पेटवायला घरात दुसरा धंदाच नव्हता. वर्षानुवर्षं हेच चाललं. मग २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक असताना त्यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. छापे थांबवले नाहीत, ते चालूच ठेवले. पण त्याबरोबर जिल्ह्यातली दारू गाळणारी गावं हेरून एकेक गाव एकेका पोलिसाच्या गळ्यात घातलं. त्याने तिथे जायचं, घरं ओळखायची, बायकांशी बोलायचं, कुणाला शिवणकाम येतं, कोणता पोरगा शिकलाय, कुणाला कर्ज हवंय, ते लिहून काढायचं, आणि दुसरं काम हाताला लागेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. कितीतरी घरांनी भट्टी सोडली.

सोनू, भट्टी फोडायला एक तास पुरतो. त्या घरातल्या बाईने तुझ्यासमोर खरं बोलावं, याला सहा महिने लागतात, आणि त्या सहा महिन्यांचा फोटो कुठे छापून येत नाही. तुला बीट मिळालं की पहिल्या आठवड्यात गाडीवरून नको, पायी फिर. पिठाची गिरणी, शाळेचा शिपाई, पानटपरी, रात्री उशिरा दुकान बंद करणारा औषधवाला, यांची नावं पाठ कर. पुढे एखाद्या रात्री काही बिघडलं तर हीच माणसं तुला आधी फोन करतील.

पोलीस आणि गाव यांच्यातलं नातं तुटलं की काय होतं, तेही या शहराने पाहिलंय. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेतली चौकी जाळली गेली, पोलीसही मारले गेले. पुढचे तीन दिवस शहरात पोलीस नव्हताच, आणि रस्त्यांवरची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिली. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर चढवलं.  तू चार हुतात्मा पुतळ्यांसमोरून वर्दीत जाशील तेव्हा क्षणभर थांबून हात जोड. त्या चौकीत मेलेल्या शिपायांच्या घरीही कुणीतरी वाट बघत बसलं असेल, त्यांच्यासाठीही.

आता दोन-चार घरगुती गोष्टी, कंटाळू नकोस. पहाटे उठत जा. ड्युटीच्या आधी तासभर आपला असला की दिवस अंगावर येत नाही. वर्दीला इस्त्री स्वतः कर, बुटांना पॉलिश स्वतः कर. पहिला पगार झाला की लगेच हप्त्यावर गाडी घेऊ नकोस, वर्षभर बसने हिंड. ही कंजूषपणाची शिकवण नाही, पोरी. पगारापेक्षा खर्च मोठा झाला की माणसाचं लक्ष समोरच्याच्या खिशाकडे जातं, आणि ते कधी गेलं ते त्याचं त्यालाही कळत नाही. टपरीवरच्या चहाचे पैसे दे. तो ‘राहू द्या मॅडम’ म्हणेल, तरी दे; सुटे नसतील तर दुसऱ्या दिवशी आठवणीने नेऊन दे. आणि राग आला की लगेच हात उचलायचा नाही, आधी डायरी उघडायची.

तो सेटलमेंटमधला पोरगा आता सत्तरीला टेकलाय. वस्तीच्या तोंडाशी त्याचं पंक्चरचं दुकान आहे. किती वर्षं मी त्याच्याकडे सायकलीत हवा भरून घेतली, पैसे दिले आणि निघून आलो. तो मला ओळखतो की नाही, मला माहीत नाही. माफी मागायचं माझ्याच्याने अजून झालेलं नाही.

सुट्टी मिळाली की ये. साध्या कपड्यांत ये, वर्दी बॅगेतच राहू दे. आपण दोघं चालत त्याच्या दुकानापर्यंत जाऊ.

तुझे,
आजोबा